उत्तर न देणाऱ्यांशी बोलणारा छंद

अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात फ्रासिक्लेइया नावाच्या मुलीचा संगमरवरी पुतळा आहे. इसवी सनापूर्वी ५४०च्या सुमारास पारोसच्या आरिस्तिऑनने तो घडवला. डोक्यावर मुकुट, पायघोळ वस्त्रावर तांबड्या रंगाच्या खुणा, छातीशी धरलेली कमळकळी. १९७२ साली अथेन्सजवळच्या मेरेंडा इथे हा पुतळा जमिनीतून निघाला. त्याची बैठक मात्र आधीपासून ठाऊक होती. जवळच्या चर्चच्या बांधकामात ती वापरलेली होती. तिच्यावर कोरलेल्या पद्यात ही मुलगी स्वतःच बोलते. लग्नाआधीच मरण आल्यामुळे आपण कायम कुमारिकाच म्हणवले जाणार, असं ती थडग्यापुढून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

हे पद्य ज्या द्विपदीत आहे, तीच प्राचीन ग्रीकांची एलिजी. पहिली ओळ होमरच्या महाकाव्यांतली, सहा गणांची. एक गुरू आणि दोन लघू, म्हणजे आपला भगण. दोन लघूंच्या जागी एक गुरूही चालतो. दुसरी ओळ आखूड आणि मधोमध तुटलेली: अडीच गण, यती, पुन्हा अडीच गण. पहिली ओळ वाहत येते आणि दुसरी दोनदा अडते. रोमन कवी ओव्हिडने तर एलिजीला एक पाय लांब असलेली, लंगडत येणारी देखणी स्त्री करून आपल्या कवितेत आणलं आहे.

टॉमस ग्रेच्या १७५१च्या प्रसिद्ध कवितेपासून आपण एलिजी म्हणजे विलापिका असं धरून चालतो. ग्रीकांचा व्यवहार याहून बराच ऐसपैस होता. स्पार्टाच्या तिर्तेयसने या छंदात तरुणांना रणात पाय रोवून उभं राहायला सांगितलं, अथेन्सच्या सोलोनने राजकारण मांडलं, मिम्नर्मसने म्हातारपणाची धास्ती गायली. मद्याच्या बैठकीत सनईसारख्या जोडवाद्याच्या साथीवर ही पदं म्हटली जात. मग इतक्या निरनिराळ्या विषयांना बांधणारं सूत्र कोणतं? मला ते संबोधनात दिसतं. तिर्तेयस तरुणांना हाक मारतो, थिऑग्निस किर्नस नावाच्या मुलाला उपदेश करतो, थडग्यावरचा दगड वाटसरूला थांबवतो. एलिजीला ऐकणारा लागतो, आणि तो बहुधा उत्तर देत नाही.

मराठी वाचकाला इथे ‘रघुवंशा’तला अजविलाप आठवेल. अजही निष्प्राण पत्नी इंदुमतीशीच बोलतो. कालिदासाने त्यासाठी, आणि ‘कुमारसंभवा’तल्या रतिविलापासाठीही, वियोगिनी वृत्त घेतलं, त्याचेही चरण आळीपाळीने दहा आणि अकरा अक्षरांचे, असमान. या दोन परंपरांचा एकमेकींशी संबंध जोडायची गरज नाही, तरी शोकाला दोन्हीकडे विषम चाल मानवली याचं मला फार अप्रूप वाटतं.

रोममध्ये कवी कातुल्लसने एलिजीच्या छंदात भावाच्या राखेशी संवाद मांडला. भाऊ ट्रॉयच्या परिसरात वारला होता. थडग्यापाशी रीतीप्रमाणे अर्पण करायचं ते घेऊन कवी पोहोचतो आणि राख बोलणार नाही हे ठाऊक असूनही बोलतो. सगळं अवघ्या दहा ओळींत.

रोमन कवी प्रॉपर्शियस हीच मांडणी उलटी करतो. त्याच्या चौथ्या आणि शेवटच्या पुस्तकाच्या अखेरच्या एलिजीत इसवी सनापूर्वी १६ मध्ये वारलेली कॉर्नेलिया बोलते आणि तिचा नवरा पाउलस गप्प असतो. आधी ती पाताळातल्या न्यायाधीशांसमोर आपल्या आयुष्याची बाजू मांडते. घराणं, मान, निष्ठा, सगळं ताठ मानेने. मग आवाज घराकडे वळतो. मुलं जवळ येतील तेव्हा डोळे पुसून मगच त्यांना जवळ घे. रडायचं ते त्यांच्या माघारी. मुलांनाही ती सांगते की घरात सावत्र आई आली तर तिला आपलं म्हणा, आणि माझी स्तुती इतकी करू नका की तिला ती लागेल. रोमन एलिजीत मला याहून मोठं काही सापडलेलं नाही. मेलेली बाई आपल्या जागी येणाऱ्या बाईचं मन जपते आहे, आणि तेही खानदानी रोमन स्त्रीचा तोल तसूभरही न सोडता.

ओव्हिडवर मेलेल्यासारखं दुरून बोलायची पाळी जिवंतपणी आली. इसवी सन ८ मध्ये सम्राट ऑगस्टसने त्याला हद्दपार करून काळ्या समुद्राकाठच्या तोमिसला, म्हणजे आजच्या रुमानियातल्या कॉन्स्टान्त्साला, धाडलं. प्रेमाचे खेळ ज्या द्विपदीत रंगवले, तिच्यातच आता तो रोमला पत्रं लिहू लागला. ‘त्रिस्तिया’च्या पाच पुस्तकांत बायको, सम्राट अशा मोजक्यांखेरीज पत्र कुणाला लिहिलंय ते तो उघड करत नाही, कारण हद्दपाराची ओळख मित्रांना महागात पडली असती. ज्या छंदाचा जीवच हाक मारण्यात, त्यात तो बिननावाची हाक मारत राहिला. नंतरच्या ‘पोंतसहून पत्रे’ या संग्रहाच्या आरंभीच तो कळवतो: दुःख तेच आहे, फरक एवढाच की आता पत्र कुणाला लिहिलंय ते लपवलेलं नाही.