वाटाड्या देवमासा : समुद्रांतील एकत्र कुटुंब

ऐरोलीस ठाणे खाडीच्या कांठीं वनखात्याचें किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. मुलांस घेऊन तेथें गेलें म्हणजे देवमाशाविषयीं प्रश्न निघतातच. देवमासा अवाढव्य आणि एकलकोंडा, अशी आपली समजूत. परंतु आपल्या अरबी समुद्राच्या खोल पाण्यांत एकत्र कुटुंबांत जन्म काढणारा एक देवमासा आढळतो. सारा कळप एका पुढाऱ्यामागून जातो, असें वाटून पाश्चात्त्य मच्छीमारांनीं त्यास ‘पायलट’, म्हणजे वाटाड्या, हें नांव दिलें.

वस्तुतः हा डॉल्फिनच्याच कुळांतला. वर्ण काळा, कपाळ फुगीर. उष्ण समुद्रांतील आखूड पराच्या जातीचा नर १८ फूट वा त्याहूनही अधिक वाढतो. मुख्य खाद्य माकूल. त्यासाठीं तो कधीं १००० मीटरपर्यंत बुडी मारितो आणि काळोखांत स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य हुडकतो.

मौज त्याच्या घरांत आहे. लांब पराच्या जातीचे मुलगे व मुली जन्मभर आईच्याच गोतांत राहतात. मात्र फेरो बेटांजवळच्या कळपांची परीक्षा केली असतां नर आपल्या कळपांत पिता होत नाहीं, असें दिसून आलें. जणूं सगोत्र विवाहाचा निषेधच! आखूड पराच्या जातीची मादी चाळिशीच्या सुमारास प्रसूतींतून मोकळी होते व पुढें साठीपर्यंतही जगते. अशा आज्या पिलांस सांभाळीत असाव्यात, असें शास्त्रज्ञ मानितात.

परंतु हीच माया कधीं घात करिते. आपल्याच देशांत तामिळनाडूच्या तिरुचेंदूर किनाऱ्यावर जानेवारी २०१६ मध्यें सुमारें ८० वाटाडे वाळूवर आले. कोळ्यांनीं कित्येकांस ओढून समुद्रांत सोडलें. त्यांतले बरेच पुन्हा किनाऱ्याकडे वळले. निम्म्याच्या आसपास मेले. एक आजारी पडला वा वाट चुकला, तरी बाकीचे त्यास टाकून जात नाहींत, हें अशा अनर्थाचें एक कारण समजतात.

उरण-अलिबागच्या किनाऱ्यावर कधीं असा जीव दिसल्यास प्रथम वनखात्यास कळवावें. गर्दी करूं नये. शेपूट धरून ओढूं नये. अंगावर ओलें फडकें घालावें, पण डोक्यावरील श्वासरंध्र मोकळें ठेवावें. अनेक असल्यास जाणत्यांकडून शक्य तितक्यांस एकदमच पाण्यांत न्यावें. एकट्यास सोडलें, तर मागें राहिलेल्या आप्तांच्या हांकेनें तो परत फिरण्याचा संभव असतो.