रेवदंड्याची काळी वाळू आणि कोकण किनाऱ्यावरील इल्मेनाइटचा शोध

कुंडलिका खाडीच्या मुखाशी असलेल्या रेवदंड्याच्या पुळणीवरील वाळू काळसर आहे. तिचे मूळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या बेसाल्टात आढळते. या खडकाच्या विदारणातून मॅग्नेटाइट व इल्मेनाइट यांचे कण सुटतात. इल्मेनाइट हे लोह व टायटॅनियमचे ऑक्साइड क्वार्ट्‌झहून सुमारे पावणेदोनपट जड असल्याने लाटा हलके कण वाहून नेतात आणि जड कण मागे उरतात. मात्र वाळू काळी म्हणजे खनिजसाठा, असे समीकरण मांडणे घाईचे ठरेल. बेसाल्टचा साधा चुराही काळाच असतो! चुंबकाला चटकन चिकटणारा कण बहुधा मॅग्नेटाइटचा. इल्मेनाइटचे चुंबकत्व क्षीण असते.

टायटॅनियमचा शोधच मुळी १७९१ मध्ये विल्यम ग्रेगर यांना इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या काळ्या वाळूत लागला. कोकणात इल्मेनाइटचे पद्धतशीर अन्वेषण झाले ते रेवदंड्याच्या दक्षिणेस, रत्नागिरी परिसरात. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तेथील समुद्रतळावरील साठ्यांविषयीचे निष्कर्ष १९७९ मध्ये प्रसिद्ध केले. खनिज पुळणीपाशी संपत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

१९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने किनारपट्टीतील वाळूच्या उत्खननास मनाई केली. परंतु अन्यत्र न मिळणाऱ्या दुर्मीळ खनिजांचा अपवाद ठेवला. नारळी-पोफळीच्या वाड्यांपुढे लाटांना पहिला अडसर याच वाळूचा असतो, हे ध्यानी घेता तो अपवाद किरकोळ मानता येत नाही.