चक्रीवादळापूर्वीची सिद्धता : शहरी कुटुंब, वैद्य आणि औषधालय

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायाचा आरंभ सर्व वैद्यांच्या परिचयाचा आहे. ग्रीष्माच्या अखेरच्या महिन्यात कांपिल्य नगरीजवळ गंगातीरी संचार करीत असता पुनर्वसु आत्रेय अग्निवेशास सांगतात, की निसर्गात विकृतीची चिन्हे दिसू लागली आहेत. भूमी विरस होण्यापूर्वीच औषधांचा संग्रह करावा. उद्ध्वंस ओढवल्यानंतर औषधे शोधण्यात अर्थ नाही, हा त्यातील व्यवहार्य उपदेश होय. वायू, उदक, देश व काल हे जे चार सामान्य भाव तेथे वर्णिले आहेत, ते चारही चक्रीवादळात एकाच वेळी बिघडतात. म्हणूनच हा विषय केवळ शासनाचा नसून आपल्या व्यवसायाचाही आहे, असे आम्हांस वाटते.

कोकण किनाऱ्यावरील शहरांना आता हा धोका परका राहिलेला नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले. पुढच्याच वर्षी, १७ मे २०२१ रोजी, ‘तौक्ते’ मुंबईच्या किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले. अरबी समुद्रात अशी वादळे मुख्यत्वे मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या काळांत निर्माण होतात. २६ जुलै २००५ चा मुंबईचा प्रलय चक्रीवादळाचा नव्हता. तथापि त्याची शिकवण येथेही लागू आहे. त्या वेळी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस नोंदला गेला, तर कुलाब्यास ७५ मि.मी.हूनही कमी. शहराच्या एका टोकास निरभ्र वाटते म्हणून दुसऱ्या टोकास निश्चिंत राहता येत नाही.

हाती असलेला वेळ

भारतीय हवामान विभाग चक्रीवादळाची सूचना टप्प्याटप्प्याने देतो. सुमारे ७२ तास आधी पूर्वसूचना, प्रतिकूल हवामान सुरू होण्यापूर्वी किमान ४८ तास सावधगिरीचा इशारा आणि किमान २४ तास आधी प्रत्यक्ष इशारा, असा हा क्रम आहे. याचा अर्थ कुटुंबास साधारणतः दोन दिवस मिळतात. बाजारात गर्दी उसळण्यापूर्वीचा पहिला दिवस सर्वाधिक मोलाचा. याच दिवशी वैद्याने आपल्या नित्याच्या रुग्णांस स्मरण द्यावे.

प्रथम औषधे

घराच्या सिद्धतेत औषधांचा क्रमांक पहिला असावा. मधुमेह, रक्तदाब, हृद्रोग, अपस्मार व तमकश्वास यांच्या रुग्णांपाशी किमान पंधरा दिवसांची औषधे हवीत. आपला रुग्ण आधुनिक औषधेही घेत असेल, तर ती कोणती व किती शिल्लक आहेत, हे आपण आवर्जून विचारावे. वादळाच्या धांदलीत औषध संपले म्हणून त्याऐवजी घरातील काढा वा चूर्ण घेऊन भागविणे किती धोक्याचे आहे, हे त्यास निःसंदिग्ध शब्दांत सांगावे.

इन्शुलिन घेणाऱ्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. वापरात असलेली कुपी साधारण चार आठवडे सामान्य थंड जागी टिकते, पण प्रखर उष्णतेत बिघडते. वीज गेल्यास ती जलाभेद्य पिशवीत घालून ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात ठेवावी. डायलिसिसचे रुग्ण, प्राणवायूयंत्रावर अवलंबून असणारे वृद्ध आणि दिवस भरत आलेल्या गर्भिणी यांनी कोणत्या रुग्णालयात व कोणत्या मार्गाने जावयाचे, हे आधीच ठरवावे. अशा व्यक्तींनी शक्यतो वादळापूर्वीच रुग्णालयानजीक मुक्काम हलवावा. १०८ व ११२ हे क्रमांक आणि मुंबईकरांनी महापालिकेचा १९१६ हा क्रमांक ठळक अक्षरांत लिहून भिंतीवर लावावा.

पंचकर्माविषयी एक विशेष सूचना. इशारा जाहीर झाल्यानंतर स्नेहपान, वमन वा विरेचन आरंभू नये. शोधनास साधारण ऋतू प्रशस्त मानले आहेत, हे तर आहेच. परंतु विरेचनाने क्षीण झालेला रुग्ण, बंद पडलेले उद्वाहन आणि कोरडा नळ हे एकत्र आले, तर साधा उपद्रवही गंभीर ठरतो.

पाणी

बहुमजली इमारतीत वीज गेली की पंप थांबतो, गच्चीवरील टाकी रिती होते आणि पाणी संपते. पिण्यास व स्वयंपाकास माणशी दररोज चार लिटर धरले, तरी चौघांच्या कुटुंबास तीन दिवसांस ४८ लिटर पाणी हवे. स्वच्छतेचे पाणी त्याहून निराळे. साठवणीची भांडी घट्ट झाकावीत. उघड्या पाण्यात डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या डासांची पैदास आठवडाभरात होते.

सुश्रुतांनी गढूळ पाणी निवळण्याचे सात उपाय सांगितले असून त्यांत कतक, म्हणजे निर्मळीचे बी, प्रमुख आहे. निर्मळी वा तुरटी यांनी गाळ खाली बसतो. परंतु निवळलेले पाणी निर्जंतुक झालेले असतेच असे नाही. निवळून, वस्त्रगाळ करून, नंतर खळखळून उकळावे, असा क्रम रुग्णांस शिकवावा. इंधन तुटपुंजे असल्यास क्लोरीनचे थेंब वेष्टनावरील प्रमाणात वापरावेत.

आहार आणि निवास

या काळात अग्नी मंद व वात प्रकुपित असतो, याचे भान ठेवून शिधा निवडावा. जुने तांदूळ, मूगडाळ, साळीच्या लाह्या, मुरमुरे, भाजलेल्या धान्याचे सातू, मेतकूट, खजूर, गूळ-शेंगदाणे, सुंठ व सैंधव हे पदार्थ टिकाऊ असून त्यांतील बरेचसे चुलीवाचून खाता येतात. बंद पडलेल्या शीतकपाटातील शिळे अन्न मायेपोटी कोणास वाढू नये. अतिसाराची शक्यता ध्यानी घेऊन जलसंजीवनीच्या पुड्या घरी असाव्यात. त्या नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे.

सज्जातील कुंड्या, सैल पत्रे व टांगलेल्या वस्तू आत घ्याव्यात. वाऱ्यात त्यांची अस्त्रे होतात. तळमजल्यावरील कुटुंबांनी शिधा, कागदपत्रे व औषधे माळ्यावर हलवावीत आणि घरात पाणी शिरण्याची लक्षणे दिसताच, हात-पाय कोरडे असतानाच, मुख्य वीजकळ बंद करावी. विजेरी व भ्रमणध्वनी आधीच सज्ज असावेत. खिडक्या बंद असताना निखाऱ्यावर धूपन करू नये. कोंडलेला धूर व विषारी वायू श्वासरुग्णांसच नव्हे, तर सर्वांसच घातक आहेत. धूपन हवेच असेल तर वादळ सरल्यावर, दारे-खिडक्या उघडून करावे.

औषधालयाची तजवीज

शार्ङ्गधरांनी चूर्णांची वीर्यमर्यादा केवळ दोन मास सांगितली आहे. ओलीने ती आणखी घटते. लवणभास्करासारखी लवणयुक्त चूर्णे, यवक्षार व सितोपलादीसारखी साखरयुक्त चूर्णे ओल त्वरित शोषतात. ती हवाबंद करून वरच्या खणांत ठेवावीत. काष्ठौषधींची पोती जमिनीवरून हलवावीत. आसवारिष्टांच्या काचेच्या बाटल्या तळाशी असल्यास त्यांची जागा बदलावी. साठ्याची छायाचित्रे, खरेदीची बिले व परवाना सुरक्षित असल्यास पुढे पंचनामा आणि विमा दोन्ही सुकर होतात.

पुराच्या पाण्यात बुडालेली बाटली पुसून पुन्हा फडताळावर मांडू नये. झाकण वरून घट्ट दिसले, तरी आत पाणी शिरले नाही याची खात्री देता येत नाही. असा माल वेगळा काढून, नोंद करून नष्ट करावा. हानी होते खरी. परंतु वैद्यावरील विश्वास त्याहून मोलाचा आहे.

वादळानंतरची कावीळ

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा शेवटी. २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदीर व अन्य प्राण्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, विशेषतः पायांच्या जखमांवाटे, हा जंतू शरीरात शिरतो. लक्षणे बहुधा ५ ते १४ दिवसांनी, क्वचित महिन्याभरानेही प्रकटतात. साचलेल्या पाण्यातून चाललेल्या व्यक्तीने ७२ तासांच्या आत महापालिकेच्या दवाखान्यात प्रतिबंधक औषधासाठी जावे, असे आपण प्रत्येकास सांगावे.

आपल्या समाजात कावीळ झाली की प्रथम वैद्याकडे येण्याची प्रथा आहे, आणि येथेच आपली कसोटी लागते. पावसाळी वा पूरकाळात ज्वर, पोटऱ्यांत तीव्र वेदना, लाल डोळे, अल्पमूत्रता व कावीळ अशी लक्षणे घेऊन आलेल्या रुग्णास केवळ कामला समजून आरोग्यवर्धिनी देऊन घरी पाठवू नये. तो पाण्यातून चालला होता काय, हा एक प्रश्न त्याचे प्राण वाचवू शकतो. उत्तर होकारार्थी असल्यास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. प्रतिजैविके व वृक्कांची देखरेख यांत गेलेला एक दिवसही महाग पडतो. सोबत आपली चिठ्ठी द्यावी आणि नंतर चौकशी करावी. असा रुग्ण बरा होऊन बलक्षीण स्थितीत परत येईल, तेव्हा पेयादी क्रमाने अग्नी सांभाळणे व रसायनयोजना करणे हे आपले क्षेत्र आहेच.

वैद्यबंधूंनी व औषधालयचालकांनी येत्या वादळऋतूपूर्वी वरील सूचना एका पानावर छापून आपल्या प्रतीक्षागृहात लावाव्यात, नित्यरुग्णांची यादी अद्ययावत करावी आणि नजीकच्या रुग्णालयाशी आधीच संपर्क साधून ठेवावा, अशी आमची विनंती आहे.