शेपटीचा कुंचला

कामिकी नावाच्या खेड्यात एका आजीबाईंची कपडे वाळत घालायची काठी जागेवर नाही. जवळ उभी असलेली पांढरी लांडगीण म्हणजे साक्षात अमातेरासू, जपानची सूर्यदेवता. आपण बटण दाबून धरतो, सगळं दृश्य थबकतं, पडद्याला जुन्या कागदाचा पिवळेपणा येतो. लांडगिणीची शाईत बुडालेली शेपटी आता आपल्या हातातला कुंचला असतो. एक आडवी रेघ ओढायची, की काठी हजर. आजींचं काम झालं आणि देवीच्या पदरी थोडी भक्ती जमा झाली.

हा 'ओकामी' नावाचा व्हिडिओ गेम. जपानीत ओकामी म्हणजे लांडगा, आणि वेगळ्या अक्षरांत लिहिलं तर थोर दैवत. एप्रिल 2006मध्ये तो जपानात प्लेस्टेशन 2वर आला. दिग्दर्शक हिदेकी कामिया. त्याच्या नावावर आधी 'रेसिडेंट इव्हिल 2' आणि 'डेव्हिल मे क्राय'सारखे गेम होते, म्हणजे प्रेतं, सैतान आणि बंदुका. या वेळी त्याला निसर्ग दाखवायचा होता. आधी दृश्यं हुबेहूब खरी दिसावीत असा प्रयत्न झाला, पण यंत्राची ताकद पुरेना. मग चमू वळला तो सुमि-ए या शाईचित्रांकडे आणि उकियो-ए या लाकडी ठशांच्या चित्रांकडे. सगळं जगच चित्र झाल्यावर खेळणाऱ्याच्या हाती कुंचला देणं ओघानंच आलं. यंत्राच्या कमकुवतपणातून इतकी सुंदर वाट निघालेली मी दुसऱ्या कुठल्या गेममध्ये पाहिलेली नाही.

आकाशात वर्तुळ काढलं की सूर्य उगवतो, कोर काढली की रात्र होते. वाळल्या झाडाभोवती कडं काढलं की ते फुलतं. शापानं काळवंडलेल्या माळावरचं रक्षक झाड असं फुलवलं, की त्याच्यापासून फुलांची लाट निघते आणि डोंगरापर्यंत हिरवं होत जातं. ते बघताना मी दर वेळी हातातला कंट्रोलर खाली ठेवतो. नेहमीच्या लढायांतून पैसे मिळतात. अमातेरासूची शक्ती वाढते ती मात्र झाडं फुलवून, प्राण्यांना खाऊ घालून, माणसांची अडलेली कामं करून.

सुसानोची गोष्ट मला सगळ्यात जवळची. पुराणकथेत सुसानोओ हा अमातेरासूचा भाऊ. आठ डोक्यांच्या ओरोची सर्पाला दारू पाजून तो ठार करतो. गेममधला सुसानो हा एका वीराचा दारुडा, बढाईखोर आणि आतून भेदरलेला वंशज. तो तलवार फिरवतो, ऐन क्षणी काळ थांबतो आणि खरा वार आपल्या कुंचल्याची रेघ करते. सुसानोला वाटतं, आपणच केला. देवी काहीच बोलत नाही. भित्र्या माणसाला धीर यावा म्हणून देवानं त्याच्या पाठीशी गुपचूप उभं राहावं, ही कल्पना कथेत सांगितली तर गोड वाटते. इथे ती आपल्याच हातून घडते.

समीक्षकांनी गेम डोक्यावर घेतला, 'वर्षातला सर्वोत्तम' असे मानही मिळाले. विक्री मात्र झाली नाही. मार्च 2009पर्यंत प्लेस्टेशन 2वरच्या प्रती जेमतेम सहा लाख. वर्षातला सर्वोत्तम ठरूनही सर्वांत कमी खपलेला गेम म्हणून गिनीजनं 2010मध्ये त्याची नोंद केली. अमेरिकेत तो सप्टेंबर 2006मध्ये पोचला आणि नोव्हेंबरात तिथे प्लेस्टेशन 3 आला; लोकांचं लक्ष नव्या यंत्राकडे लागलेलं. ऑक्टोबरातच प्रकाशक कॅपकॉमनं हा गेम बनवणारा क्लोव्हर स्टुडिओ बंद करण्याचं जाहीर केलं होतं. युरोपात गेम पोचला फेब्रुवारी 2007मध्ये, तोवर तो बनवणाऱ्यांचं घर मोडत आलं होतं.

गेममध्ये दोष आहेत. सुरुवातीची कथा फार लांबते, इस्सुन नावाचा किड्याएवढा चित्रकार सोबती अखंड बोलतो, ओरोचीशी तीनदा लढावं लागतं. पहिला तासभर धीर धरावा, एवढंच मी सांगतो.

आपल्याकडच्यांनी तो खेळावा असं वाटण्याला आणखी एक कारण आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 2020मध्ये 'राजी' आणला. त्यात भावाला सोडवायला निघालेल्या मुलीची कथा दुर्गा आणि विष्णू आपसांत बोलत सांगतात. त्याचं लोकवर्गणीचं आवाहन आधी फसलं होतं, तरी त्यांनी तो पुरा केला. 'राजी'त देव वरून पाहतात, 'ओकामी'त देव खेड्यात येऊन काठी नीट करतो. पुराणकथा घेऊन गेम करणाऱ्या आपल्या मुलांनी हे दोन्ही शेजारी ठेवून खेळावेत.

डिसेंबर 2024मध्ये 'ओकामी'चा पुढचा भाग जाहीर झाला. दिग्दर्शक पुन्हा कामियाच. तोवर मूळ गेमची एचडी आवृत्ती पीसी, प्लेस्टेशन 4, एक्सबॉक्स वन आणि निन्टेन्डो स्विचवर मिळते. स्विच हातात धरून खेळलात, तर थेट पडद्यावर बोटानं चित्र काढता येतं. आधी आकाशात एक वर्तुळ काढून बघा. थोडं वाकडं आलं तरी सूर्य उगवतो.