निखाऱ्यावरचा महाराष्ट्र (लेखांक ६) : भंडाऱ्याचा आर

रायगडच्या पोपटीत, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगांत, जाळ मडक्याच्या बाहेर असतो, हे मागच्या आठवड्यात पाहिलं. भंडारा जिल्ह्यात तो मडक्याच्या आत असतो. मडकं उपडं घालायचं, खालून चुलीतला जाळ त्याच्या पोटात सोडायचा आणि त्याच्या पाठीवर पोळी भाजायची. एकच भांडं, एकच विस्तव, पण मांडणी उलटी. या एका गोष्टीसाठी मी नागपूरहून निघालो आणि दोन दिवस मुंबई-कोलकाता महामार्गाच्या आजूबाजूला फिरत राहिलो.

नागपूर ते भंडारा साधारण साठ किलोमीटर. मौदा मागे पडलं की बांध्या सुरू होतात. बांधी म्हणजे धानाचं खाचर. भंडाऱ्यापुढे कारध्याला वैनगंगा ओलांडली, की लाखनी, मग साकोली. पश्चिम विदर्भात चूल पेटवायला पऱ्हाट्या असतात, कारण तिथे कापूस आहे. इथे धान आहे, आणि तणसाने चूल पेटते पण टिकत नाही. म्हणून बांधांवर लावलेल्या तुरीच्या तुराट्या पेटवायला, लाकूड शिजवायला आणि गोवरी भाजायला, अशी इथली वाटणी आहे. जिल्ह्याच्या भाजण्याची सगळी चव या वाटणीत आहे, आणि या लेखात मला तेवढंच सांगायचं आहे : इथे पदार्थ मसाल्यावरून नाही, जळणावरून ओळखावा.

पहिला थांबा फसला. महामार्गालगतच्या एका धाब्यावर 'चुलीवरचं मटण' अशी मोठी पाटी होती. रस्सा झणझणीत होता, भाकरी गरम होती, पण हात धुवायला मागे गेलो तर शेगडी गॅसची आणि चूल थंडगार. वाईट वाटलं. पण त्यावर विचार करताना एक गोष्ट लक्षात आली. खरीखुरी चूल असती, तरी झाकण घातलेल्या गंजातल्या रश्श्यात धूर फारसा शिरत नाही. चुलीवरच्या मटणाची गोडी धुराची नसते, मंद आचेवर दिलेल्या वेळेची असते. मांसातले चिवट धागे सावकाश विरघळतात आणि रस्सा दाट होतो. तो वेळ दिला, तर गॅसवरही बरंच साधतं. म्हणून चुलीवरचं मटण, आणि हलबा कोष्ट्यांचं सावजी, ही दोन्ही मी या लेखमालेबाहेर ठेवतो. ती शिजवण्याची विद्या आहे. आपला विषय भाजण्याचा आहे.

भाजणं भेटलं ते साकोलीच्या अलीकडे, रस्ता सोडून आत, एका शेतातल्या मारुतीच्या देवळाजवळ. कुणाचा तरी नवस फिटला होता आणि स्वयंपाक मांडला होता. इकडे 'स्वयंपाक' म्हटलं की बहुतेक वेळा हेच समजायचं : देवळाजवळ, झाडाखाली, पन्नास-शंभर पानांचं जेवण. बायका वांगी चिरत होत्या, आणि रोडग्यांचं काम दोन वयस्क पुरुषांकडे होतं. गोवऱ्यांचा ढीग धडधडून पेटला होता. मला वाटलं आता रोडगे टाकणार. त्या दोघांतले एक काका म्हणाले, "घाई नोको भाऊ. जाळ नोको, आर पायजे. जाळात वरून करपते अन् आतून कच्चं रायते."

आर म्हणजे जाळ संपल्यावर उरलेला लाल विस्तव. मराठीला निखारा आहे, इंगळ आहे, पण आर हा शब्द एकेका निखाऱ्याचा नाही, सगळ्या थराचा आहे. तो पडेपर्यंत जवळजवळ पाऊण तास गेला.

तोवर रोडगे वळून झाले होते. गव्हाचं पीठ चपातीसारखं बारीक नको, रवाळ दळलेलं. त्यात मीठ, ओवा, तेलाचं मोहन. पीठ घट्ट मळलेलं. त्याच्या छोट्या पुऱ्या लाटायच्या, प्रत्येकीला तेल लावायचं, चार-पाच पुऱ्या एकीत एक ठेवून शेवटच्या पुरीत बाकीच्या गुंडाळून गोळा बंद करायचा. हे थर कशासाठी, ते भाजल्यावर कळतं. भरीव गोळा आत चिकट राहिला असता. थरांच्या मधे तेल असल्याने ते एकमेकांना चिकटत नाहीत, पिठातल्या ओलीची वाफ त्यांच्यामधून फिरते, आणि गाभा वाफेवर शिजतो. बाहेरचं कवच मात्र थेट धगीवर तांबूस होतं. म्हणजे एकाच पदार्थात आत वाफवणं आणि बाहेर भाजणं.

काकांनी काठीने आर पसरला, रोडगे त्यावर मांडले, आणि वरून पुन्हा आर व राख ओढली. राख हे इथलं झाकण आहे. गोवरीतला चारा जनावराने एकदा चावून बारीक केलेला असतो, ती वाळली की सच्छिद्र होते, तिचा जाळ बुटका असतो आणि ती आतल्या आत धुमसत राहते. वरची राख उष्णता बाहेर जाऊ देत नाही. लाकडाचा निखारा फुंकर मिळाली की भडकतो. गोवरीचा आर शांत असतो. म्हणून रोडगा लाकडावर नीट होत नाही. राजस्थानची बाटी आणि बिहारची लिट्टी हे त्याचे सख्खे भाऊ, आणि त्यांचंही जुनं घर गोवरीच.

तासाभराने रोडगे उकरून काढले, पोत्यावर घोळून राख झाडली. काकांनी एक दोन्ही हातांनी दाबला. कवच फुटल्याचा आवाज आला, आत पांढरे थर उलगडले, वाफ निघाली, आणि त्यांनी त्यावर चमचाभर नव्हे, वाटीभर तूप ओतलं. सोबत वांग्याची पातळ भाजी आणि वरण. पत्रावळीवर तूप, रस्सा आणि किंचित राखेचा वास एकत्र झाला. या दोन दिवसांत मी जे काही खाल्लं, त्यात हा पहिला नंबर, आणि दुसरा बराच मागे आहे.

अमेरिकेत टेक्सासमध्ये लोक गाडी काढून लॉकहार्टसारख्या गावांत खास बार्बेक्यू खायला जातात. तिथे ओकच्या लाकडाच्या मंद धगीवर गाईच्या छातीचं मांस दहा-बारा तास ठेवतात. 'बार्बेक्यू' हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या लाकडी माचाच्या नावावरून स्पॅनिशमार्गे आला. तिथला कारागीर जे सांगतो, तेच काकांनी सांगितलं : जाळ नको. फरक इतकाच की तिथे या कारागिराच्या दारात रांग लागते, आणि आपल्याकडे तो नवस फेडायच्या दिवशीच भेटतो.

मडक्यावरची रोटी दुसऱ्या दिवशी, लाखांदूरच्या वाटेवर एका लग्नघरी मिळाली. कुणी तिला लांब पोळी म्हणतं, कुणी मांडे. तिचं पीठ रोडग्याच्या अगदी उलट. वस्त्रगाळ, आणि इतकं सैल की परातीतून ओघळावं. एक मावशी ते परातीवर आपटत होत्या, उचलत होत्या, पुन्हा आपटत होत्या. आपटून आणि मुरवून पिठातला चिकटपणा लांब धाग्यांचा होतो, म्हणून ते फाटत नाही. मग गोळा एका हातावरून दुसऱ्या हातावर, कोपरापर्यंत लोंबत, रुमालासारखा पातळ होतो आणि एका झटक्यात मडक्यावर पडतो. इथे मात्र आर चालत नाही, जाळच हवा, म्हणून चुलीत लाकूड. मडक्याची पाठ सतत तापलेली पाहिजे, कारण रोटी मिनिटभरातच निघते. मावशींच्या हातांवर कोपरापर्यंत केस नव्हते. "वीस वर्सं झाली," एवढंच त्या म्हणाल्या.

मासोळीबद्दल थोडंच लिहितो, पण टाळून चालणार नाही. हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले मालगुजारी तलाव अजून धानाला पाणी देतात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि गाळ काढणारे, पाळ सांभाळणारे हात कमी झाले. बेशरमाची झुडपं माजली. ढिवरांच्या जाळ्यात आता सोडलेल्या बीजाचे रोहू, कटला जास्त येतात, गावठी मासोळी कमी. भुंजायला मरळ उत्तम, कारण तिच्यात काटे थोडे. मीठ-हळद लावायची, पळसाच्या पानात गुंडाळायची, आणि आरात पुरायची. पान करपतं, मासोळी करपत नाही. साकोलीजवळ मी खाल्ली ती अशीच, तलावाच्या पाळीवर, पानातूनच. ती चव टिकायची असेल तर आधी तलावातला गाळ निघाला पाहिजे.

'भुंजणे' हा इथल्या झाडीबोलीतला शब्द मराठीतल्या 'भाजणे'हून मला नेमका वाटतो. भाकरी भाजतात, पापडही भाजतात. भुंजणं आरातलंच.

भंडारा, लाखनी, साकोली या तिन्ही गावांत मी जेवणाच्या ठिकाणी रोडग्यांची चौकशी केली. सगळीकडे ओळखीचं हसू मिळालं, पण लगेच मिळणारा रोडगा कुठेच नाही. पनीर होतं, पंजाबातून आलेल्या तंदूरची कोंबडी होती. धंदेवाल्यांना दोष नाही. दोन तास थांबणारं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलेलं नाही. ते गिऱ्हाईक आपण व्हायचं आहे. बहुतेक ठिकाणी एकच उत्तर आलं : आदल्या दिवशी सांगा, करून देऊ.

तेव्हा जाणार असाल तर धान कापणीनंतर, थंडीत जा. आदल्या दिवशी फोन करून किती माणसं येणार ते सांगा, गोवरीवरचे रोडगे हवेत हे स्पष्ट सांगा, आणि दुपारच्या जेवणासाठी सकाळी दहालाच पोहोचा. आर पडायला वेळ लागतो. पुढच्या आठवड्यात जळगावचं भरीत आणि त्याखालच्या पऱ्हाट्या.