नोकरी सुटली, थकवा आला, चालणं बंद पडलं: सवयींवरचं संशोधन काय सांगतं?



पेटच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या एका ज्युनिअरने मला विचारलं, "ताई, पीएच.डी.ला आल्यावर सगळ्यात अवघड काय गेलं?" तिला वाटलं असणार, मी संशोधन पद्धती किंवा सांख्यिकी म्हणेन. मी म्हटलं, "सकाळी उठणं." ती हसली. पण मी खरंच सांगत होते, आणि आजचा लेख त्याच उत्तराबद्दल आहे.

माझा विषय मानसशास्त्र असला तरी सवयी हा माझ्या प्रबंधाचा विषय नाही. स्वतःवर वेळ आली म्हणून मी या विषयावरचे पेपर वाचले. तुम्ही संशोधनाच्या वाटेवर असाल तर दोन गोष्टी इथून नेता येतील: स्वतःची गाडी रुळावर कशी आणायची, आणि पेपरमधला एखादा आकडा वाचताना काय काय तपासायचं.

आधी माझी परिस्थिती

पुण्याला येण्याआधी मी साताऱ्यात चार वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होते. मानधन बेताचं, तेही वेळेवर नाही. पण दिवस आखीव होता. पहाटे साडेपाचला शेजारच्या काकू फाटकाशी येऊन हाक मारायच्या आणि आम्ही दोघी अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याने वर जाऊन यायचो. कॉलेजला निघायच्या आत आईच्या हातची भाजी-भाकरी. रात्री साडेदहाला दिवा बंद. मी स्वतःला फार शिस्तीची समजायचे.

मग पूर्णवेळ पीएच.डी.ला प्रवेश मिळाला, नोकरी सोडली आणि हॉस्टेलवर राहायला आले. चार महिन्यांत चालणं बंद, नाश्ता म्हणजे चहा आणि क्रीमरोल, झोपायला रात्रीचा दीड. दर सोमवारी "आजपासून नक्की" असं ठरवायचं आणि बुधवारी सोडून द्यायचं. ग्रंथालयाचे दोन मजले चढले तरी धाप लागायची. सहामाही प्रगती अहवालाच्या सादरीकरणात मला माझ्याच संशोधनाची उद्दिष्टं सलग सांगता आली नाहीत. त्या रात्री घरी फोन करून मी आईला म्हटलं, "मला नाही जमणार हे, मी परत येते."

आई म्हणाली, "ये, पण आधी रक्त तपासून घे."

पहिली पायरी: थकव्याचं कारण शोधा

हिमोग्लोबिन 8.9 निघालं. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीमध्ये ते 12 च्या खाली असेल तर त्याला अ‍ॅनिमिया म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) भारतातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के स्त्रियांना अ‍ॅनिमिया आढळला. म्हणजे माझं काही वेगळं नव्हतं. मी मात्र चार महिने त्याला 'आळस' म्हणत होते.

म्हणून सवयींबद्दल काहीही वाचायच्या आधी एवढं करा. थकवा दोन-तीन आठवडे हटत नसेल तर डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12, साखर यांपैकी काय तपासायचं ते त्यांना ठरवू द्या. मन सतत उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, तर तेही सांगा.

आणि झोप मोजा. 2003 साली हान्स व्हॅन डॉन्गेन आणि सहकाऱ्यांनी 48 निरोगी प्रौढांवर प्रयोगशाळेत अभ्यास केला. ज्यांना 14 दिवस रोज सहा किंवा त्याहून कमी तास झोपू दिलं, त्यांची लक्ष देण्याची आणि विचार करण्याची क्षमता इतकी घसरली की ती दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांच्या जवळ गेली. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला ही घसरण फारशी जाणवत नव्हती. "मला सहा तास पुरतात" हे आपण कोणत्या डोक्याने ठरवतो, याचा विचार करा.

सवय कुठे राहते?

आपण म्हणतो, "मला चालायची सवय आहे." जणू सवय आपल्या आत साठवलेली आहे आणि आपण जाऊ तिथे ती सोबत येईल. संशोधन वेगळं चित्र दाखवतं. एखादी कृती ठरावीक परिस्थितीत पुन्हा पुन्हा केली की ती परिस्थिती आणि कृती यांची मनात गाठ बसते. मग ती खूण दिसली की कृती फारसा विचार न करता सुरू होते. खूण म्हणजे जागा, वेळ, आधीची कृती किंवा सोबतचं माणूस.

वेंडी वुड, लिओना टॅम आणि मेलिसा गेरेरो विट यांनी 2005 साली एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जाणाऱ्या 115 विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. व्यायाम, वर्तमानपत्र वाचणं आणि टीव्ही बघणं या तीन सवयी त्यांनी बदलीच्या एक महिना आधी आणि एक महिना नंतर तपासल्या. ज्यांच्या बाबतीत भोवतालचे काही घटक तसेच राहिले, उदाहरणार्थ ती गोष्ट आधीही इतरांसोबत आणि आताही इतरांसोबत, त्यांच्या सवयी टिकल्या. परिस्थिती बदलली तिथे जुनी सवय आपोआप चालेनाशी झाली.

हे वाचलं आणि मी साताऱ्याला काकूंना फोन केला. सहज विचारलं, "काकू, चालणं चालू आहे ना?" त्या म्हणाल्या, "कुठलं गं, तू गेल्यापासून मीसुद्धा वर गेले नाही."

मला वाटत होतं काकू माझी खूण होत्या. मीही त्यांची होते. माझी शिस्त त्या फाटकापाशी राहिली होती.

थकलेलं डोकं काय करतं?

"मनाचा निग्रह हवा" हा सल्ला तुम्हाला सगळेच देतील. रॉय बॉमायस्टर आणि सहकाऱ्यांचा 1998 चा प्रसिद्ध प्रयोग आहे: समोरची चॉकलेट बिस्किटं सोडून मुळा खायला लावलेले लोक नंतर न सुटणाऱ्या कोड्यावर लवकर हार मानतात. त्यावरून इच्छाशक्ती ही वापरली की संपणारी गोष्ट आहे असं मानलं गेलं. पण याच सिद्धांताची वेगळ्या कामांच्या मदतीने 2016 साली 23 प्रयोगशाळांत, दोन हजारांहून जास्त लोकांवर मिळून चाचणी घेतली, तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. तेव्हा हा सिद्धांत तुमच्या सिनॉप्सिसमध्ये लिहिणार असाल तर दोन्ही बाजू लिहा.

मला जास्त उपयोगी वाटला तो डेव्हिड नील, वेंडी वुड आणि एमी ड्रोले यांचा 2013 चा पेपर. परीक्षेच्या काळात, म्हणजे डोक्यावर ताण असताना, विद्यार्थी आपल्या पक्क्या सवयींकडे जास्त वळले. सवय चांगली असेल तर चांगलीकडे, वाईट असेल तर वाईटाकडे. पौष्टिक नाश्ता करणारे तो करत राहिले, गोडधोड खाणारे तेच खात राहिले.

आता नोकरी बदलल्यावर काय होतं ते बघा. जुन्या चांगल्या सवयींच्या खुणा गेलेल्या असतात. मोबाईल मात्र उशाशीच असतो आणि चहाची टपरी कुठेही असते. थकलेलं डोकं जे हाताशी आहे ते उचलतं. यात चारित्र्याचा प्रश्न कमी आणि मांडणीचा जास्त आहे.

21 दिवस, 66 दिवस: आकडा नीट वाचा

"21 दिवसांत सवय लागते" हे तुम्ही ऐकलंच असेल. याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या 1960 च्या पुस्तकात सापडतं. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची ओळख पटायला रुग्णांना किमान 21 दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. सांगता सांगता 'किमान' गळालं आणि चेहऱ्याच्या जागी सवय आली.

आता दुसरा आकडा, 66. तो फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या लंडनमधल्या अभ्यासातून आला, जो 2010 च्या अंकात छापला गेला. 96 जणांनी खाण्यापिण्याची किंवा हालचालीची एकेक कृती निवडली आणि ती रोज एकाच प्रसंगी, जसं की नाश्त्यानंतर, 84 दिवस करायची ठरवली. ती किती आपोआप होते हे ते रोज नोंदवत होते. हा आलेख आधी झपाट्याने चढतो, मग मंदावतो आणि सपाट होतो. त्या सपाट पातळीच्या 95 टक्क्यांपर्यंत पोहोचायला लागलेले दिवस मोजले आणि त्यांचा मध्यक निघाला 66.

इथे थांबा आणि संशोधकासारखे प्रश्न विचारा.

एक, 66 हा मध्यक आहे. व्याप्ती किती? 18 ते 254 दिवस. म्हणजे 66 हा कुणालाही दिलेला वायदा नाही.

दोन, अभ्यास 84 दिवसांचा, मग 254 कुठून आले? आलेख पुढे वाढवून काढलेला तो अंदाज आहे.

तीन, 96 पैकी किती जणांवर हे उभं आहे? पुरेशी माहिती 82 जणांची मिळाली, आलेख 62 जणांना लागू झाला, आणि त्यातल्या फक्त 39 जणांना चांगला जुळला.

चार, आणि माझ्यासाठी सगळ्यात मोलाचं: एखादा दिवस चुकला तर सवय लागण्याच्या प्रक्रियेवर फारसा परिणाम झाला नाही. मी मात्र एका चुकलेल्या बुधवारी अख्खा आठवडा टाकून देत होते.

मग मी काय केलं?

पहिली सवय चालण्याची नव्हे, लोहाच्या गोळीची. डॉक्टरांनी रोज एक, रात्री जेवणानंतर दोन तासांनी, असं सांगितलं होतं. महिन्याने पाकीट पाहिलं तर 30 पैकी 17 गोळ्या शिल्लक! परत जायचं की राहायचं हे ज्या गोळीवर ठरणार होतं, तीच मी विसरत होते.

इथे पीटर गोलविट्झर यांची कल्पना कामी आली. "मी रोज गोळी घेईन" हा झाला हेतू. "अमुक झालं की मी तमुक करेन" ही झाली योजना. गोलविट्झर आणि पास्कल शीरन यांनी 2006 साली 94 चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा अशा योजनेचा ध्येय गाठण्यावर मध्यम ते मोठा परिणाम दिसला.

खूण निवडताना एक बारकावा आहे. 2013 च्या एका छोट्या अभ्यासात 50 जणांना दातांत दोरा फिरवायची सवय लावायची होती. काहींना तो दात घासण्याआधी फिरवायला सांगितला, काहींना नंतर. आठ महिन्यांनी 'नंतर'वाल्यांची सवय जास्त पक्की दिसली. तर्क सोपा आहे: 'आधी' ही खूण नसते, कारण तेव्हा अजून काहीच घडलेलं नसतं. म्हणून माझी योजना अशी: रात्री दात घासून झाले की गोळी. पाकीट ब्रशच्या मगाला रबर लावून बांधलं.

गोळी जमू लागल्यावर चालणं घेतलं. पहाटे साडेपाचचा हट्ट सोडला. सकाळी मेसमध्ये कप ठेवला की लांबच्या रस्त्याने दहा मिनिटं चालत ग्रंथालयात. आणि वुड यांच्या पेपरमधली 'इतरांसोबत' ही गोष्ट आठवून शेजारच्या खोलीतल्या लातूरच्या मुलीला विचारलं, "येतेस का गं?" आता रोज तीच माझं दार वाजवते.

झोपेचं अजून पूर्ण जमलेलं नाही. चार्जर टेबलापाशी नेला, म्हणजे मोबाईल उशाशी राहत नाही. दीडचे पावणेबारा झालेत.

माझी वही सांगते: पहिल्या 84 दिवसांत 58 दिवस चालले. हिमोग्लोबिन तीन महिन्यांनी 11.4. हा एकाच व्यक्तीचा नमुना आहे, आणि बरं वाटण्यात गोळ्यांचा वाटा किती नि चालण्याचा किती हे यातून सांगता येणार नाही. पण पुढचं सादरीकरण मी बसून नाही, उभं राहून दिलं.

तुम्ही रुजू होणार असाल तर

बास फरप्लँकेन आणि डेबोरा रॉय यांनी 2016 साली 800 लोकांवर अभ्यास केला, त्यातले निम्मे नुकतेच घर बदललेले. पर्यावरणपूरक सवयींसाठी दिलेल्या मदतीचा परिणाम नव्याने राहायला आलेल्यांवर जास्त झाला, आणि हा काळ साधारण पहिल्या तीन महिन्यांचा होता. अभ्यास घर बदलण्यावर आणि पर्यावरणावर आहे, नोकरी आणि आरोग्यावर नाही, हे विसरू नका. तरी मूळ कल्पना आपल्याला उपयोगी आहे: जुन्या खुणा पुसल्या जातात तेव्हा नव्या मांडायला जागा होते. मी ते तीन महिने घालवले. तुमचे अजून यायचे आहेत.

म्हणून प्रवेश मिळाला की पहिल्याच आठवड्यात एका कागदावर तीन ओळी लिहा. घरी माझी कोणती चांगली सवय कोणत्या खुणेवर चालायची? ती खूण इथे आहे का? नसेल तर तिच्या जागी इथलं काय किंवा कोण ठेवू? सवय एकच घ्या, थकलेल्या दिवशीही जमेल इतकी छोटी घ्या, आणि एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी परत सुरू करा.

आणि घरी मागे राहिलेल्या तुमच्या काकूंना एक फोन करा. मी आता रोज सकाळी चालायला निघाले की साताऱ्याला मिस्ड कॉल देते. तो वाजला की काकू चपला घालतात.