ग्रेस, कृपा आणि अनुग्रह

इंग्रजीतील काही शब्द आपल्याकडे इतके रुळले आहेत की, ते परके आहेत ह्याची आठवणही राहत नाही. ‘ग्रेस’ हा त्यांपैकी एक होय. दमणगंगेच्या काठी, सिल्वासाजवळ वसलेल्या अथालच्या परिसरात आता कारखाने उभे आहेत, आणि त्यांत मराठी बोलणारे कामगारही आहेत. पाळी सुरू झाल्यावर हजेरी लावण्यास जी पाच-दहा मिनिटांची सूट मिळते तिला कारखान्यात ‘ग्रेस’ म्हणतात. ती संपली की अर्धा खाडा. रविवारी ह्याच कामगारापुढे उपदेशक ‘देवाची ग्रेस’ असे म्हणू लागला (आणि आपले कित्येक तरुण उपदेशक तसे म्हणतात), तर त्याच्या डोळ्यांपुढे कोणते चित्र उभे राहील? देव घड्याळाकडे पाहत फाटकाशी उभा आहे, हेच. म्हणून ह्या शब्दाची थोडी फोड करणे अगत्याचे वाटते.

‘ग्रेस’चे मूळ लॅटिन ‘ग्रातिया’ ह्या शब्दात आहे. मन प्रसन्न करणारा गुण, त्या प्रसन्नतेतून केलेले दान आणि दान मिळाल्यावर मानलेले आभार, हे तिन्ही अर्थ त्यात होते व इंग्रजीने ते तिन्ही राखले. नर्तकीच्या पदन्यासात ‘ग्रेस’ असते. तेथे मराठीत डौल किंवा लालित्य म्हणावे. जेवणापूर्वी म्हणतात ती ‘ग्रेस’ म्हणजे उपकारस्तुती. आर्चबिशपांना संबोधताना ‘युअर ग्रेस’ म्हणतात. दादरा व नगर हवेलीत १९५४ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. त्यांच्या भाषेत ह्याच कुळातील ‘ग्रासा’ शब्द आहे, आणि ‘दे ग्रासा’ म्हणजे चक्क ‘फुकट’. पौलाच्या मनातील अर्थाच्या इतक्या जवळ जाणारा बाजारातला शब्द क्वचितच सापडेल.

व्यवहारात मात्र ह्या शब्दाला मुदत चिकटली. १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवजांच्या कायद्याने मुदती हुंडीला देय तारखेनंतर तीन दिवसांची ‘ग्रेस’ दिली. विम्याच्या हप्त्यालाही ती असते. परीक्षेत दोन-चार गुण कमी पडले तर ‘ग्रेस’चे गुण मिळतात, आणि मग “तो ग्रेसने पास झाला” असे लोक काहीशा उपहासाने म्हणतात. ह्या उपहासाकडे धर्मोपदेशकाने दुर्लक्ष करू नये. ज्याची स्वतःची मिळकत बहुतांशी पुरेशी आहे, त्याच्या उरलेल्या उणिवेला लावलेले ठिगळ, असा ‘ग्रेस’चा अर्थ त्यात गृहीत आहे. नव्वद टक्के आपले, दहा टक्के देवाचे! मंडळीतील अनेकांचा खरा विश्वास हाच असतो, मग ओठांवर इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय का असेना.

त्याहून बोधप्रद उदाहरण वेतनाचे आहे. ‘ग्रॅच्युइटी’ हा शब्दही ‘ग्रातिया’च्याच कुळातला. मालकाने खूश होऊन द्यावयाची ती रक्कम. परंतु १९७२ साली संसदेने कायदा केला आणि पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार हा कामगाराचा हक्क ठरला. कामगाराच्या दृष्टीने हे न्याय्यच झाले. तथापि ज्या क्षणी तो हक्क झाला, त्या क्षणी तो ‘ग्रेस’ उरला नाही. दिवाळीच्या तोंडावर मुंबई महापालिकेच्या कर्मचाऱ्यांना जे ‘सानुग्रह अनुदान’ मिळते, त्याचीही हीच कथा. ‘सानुग्रह’ हे लॅटिन ‘एक्स ग्रातिया’चे भाषांतर, म्हणजे बंधन नसता, केवळ अनुग्रहाने. पण दरवर्षी कर्मचारी संघटना त्याची मागणी करतात आणि आकड्यावर वाटाघाटी होतात. पौलाने रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात नेमका हाच भेद केला आहे: काम करणाऱ्याला मिळते ती मजुरी, आणि मजुरी हे देणेकऱ्याचे ऋण असते. तेथे त्याने वापरलेला ग्रीक शब्द ‘खारिस’ ऋणाच्या समोर, विरोधात उभा आहे.

आता आपल्या शब्दांकडे वळू. ‘दया’ आणि ‘कृपा’ आपण सरसकट एकत्र जोडतो, पण दयेत समोरच्याचे दुःख किंवा अपराध आधी दिसतो. खारिसमध्ये देणाऱ्याचा आनंद आधी दिसतो. संस्कृतात ‘कृपा’ही करुणेच्याच अंगाने जाते, त्यामुळे मराठी वाचकाला खारिसमधील आनंदाची बाजू सहसा जाणवत नाही. ‘अनुग्रह’ अधिक भारदस्त आहे; मात्र सामान्य मराठीत अनुग्रह गुरूकडून ‘घेतात’, आणि त्याचा अर्थ दीक्षा असा होतो.

ग्रीक शब्दाला सर्वांत जवळचा वाटतो तो ‘प्रसाद’. ग्रीकमध्ये खारिस आणि ‘आनंद करणे’ हे क्रियापद एकाच मुळातून आले. आपल्याकडे ‘प्रसाद’ आणि ‘प्रसन्न’ तसेच एका धातूचे. काव्यशास्त्रातील प्रसादगुणामुळे सौंदर्याचीही छटा त्यात आहे. ज्ञानेश्वरीच्या शेवटच्या ‘पसायदाना’तला ‘पसाय’ म्हणजे प्रसादच. तरीही देवळातील नैवेद्याशी तो इतका बांधला गेला आहे की, आपल्या शास्त्रात त्याला ‘कृपे’ची जागा मिळाली नाही. हे नुकसान आहे असे मला वाटते, पण ते आता भरून निघण्यासारखे नाही.

‘कृपे’चे खरे संकट निराळेच आहे. दादरा व नगर हवेलीतील आदिवासींत वारली समाज सर्वांत मोठा. शेजारच्या डहाणू-उंबरगाव भागात वारल्यांमध्ये ‘लग्नगडी’ची पद्धत होती: जमीनदार लग्नापुरते पैसे देई आणि त्यापायी नवरा-बायको वर्षानुवर्षे त्याच्याकडे राबत. १९४५ साली गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली उठले ते ह्या आणि वेठीच्या विरुद्ध. जमीनदाराच्या लेखी तो उपकारच होता! उपकार फेडावे लागतात, हे मराठी भाषाच शिकवते. ‘उपकार फेडणे’ हा आपला रोजचा वाक्प्रचार आहे. ज्याच्या आजोबांनी एका लग्नाचा उपकार आयुष्यभर फेडला, त्याला ‘धन्याची कृपा’ हे शब्द ऐकून आनंद का व्हावा? त्याच्यापुढे ‘मेहरबानी’ आणि ‘उपकार’ हे शब्द कृपेचे पर्याय म्हणून मुळीच वापरू नयेत. ‘कृपा’ शब्द ठेवावा, कारण आपली उपासना त्यावर उभी आहे. पण प्रत्येक वेळी हे सांगावे की ह्या देण्याने कर्ज होत नाही, आणि येथे कोणी गडी म्हणून बांधला जात नाही.

जाता जाता एक गोष्ट. मराठी साहित्याच्या वाचकाला ‘ग्रेस’ म्हटले की माणिक गोडघाटे (१९३७–२०१२) हे कवीच आठवतात. चीनमधील एका मिशनरी स्त्रीच्या जीवनावरील चित्रपटात इन्ग्रिड बर्गमनला पाहून त्यांनी हे नाव घेतले, असे सांगतात. म्हणजे हा शब्द तेथेही मिशनच्या वाटेनेच आला.

फाटकावरच्या घड्याळाला उत्तर द्यावयाचे झाल्यास मी मत्तयाच्या विसाव्या अध्यायाकडे जाईन. द्राक्षमळ्यातील शेवटचे मजूर दहा मिनिटे नव्हे, जवळजवळ सबंध दिवस उशिरा आले, अकराव्या तासाला. त्यांचा खाडा झाला नाही. पुरा रोज मिळाला. आधी आलेल्यांचे ठरलेले पैसेही कापले गेले नाहीत, तरी ते कुरकुरले. विशेष म्हणजे मत्तयाच्या सबंध शुभवर्तमानात ‘खारिस’ हा शब्द एकदाही येत नाही. मळ्याचा धनी स्वतःला एवढेच म्हणवून घेतो की, आपण चांगले आहोत.